दिवाणसाहेबांची दाढ

संस्थानच्या दवाखान्यात सुधारणा करायला दिवाणसाहेबांनी मानकऱ्यांची समिती नेमली. सुधारणा काय, तर खाली समितीची कचेरी थाटली आणि बाळंतिणींची खोली नेली माडीवर!

डॉक्टरीण द्वारकाबाई संतापल्या. "जिना ज्यांना चढायचाय त्या बायकांना विचारलंत? आम्हाला तरी?"

"दुखणाऱ्याला काय विचारायचं, बाई? तो नुसता ओरडतो," दिवाण हसले.

महिन्याभरात बाळंतपणाला आलेली कोंडाबाई कोष्टीण त्याच जिन्यात ओरडत ओरडत मेली. आत दिवाणांची समितीबरोबर बैठक चालली होती; कचेरीचं दार काही उघडलं नाही.

पुढे दिवाणांची दाढ ठणकली. गाल धरून, समितीला घेऊन ते दवाखान्यात आले. द्वारकाबाईंनी चिमटा उचलला आणि मानकऱ्यांना विचारलं, "बोला, कोणती दाढ उपटू?"

मानकऱ्यांनी आपसांत खल केला आणि डावी ठरवली. चिमटा डावीकडे वळताच दिवाण किंचाळले, "अहो, उजवी! दुखतंय मला, मला विचारा की!"

"दुखणाऱ्याला काय विचारायचं, साहेब?"

दिवाणांची मान खाली गेली. "खोली खाली आणतो. समितीत तुम्ही बसा, बाळंतिणींनाही बसवा."

द्वारकाबाईंनी उजवी दाढ काढून त्यांच्या तळहातावर ठेवली.

"तुमचं ओरडणं मी ऐकलं, साहेब. कोंडाबाईचं तुम्हीही ऐकलं होतंत. दाराआडून."