दिवाणसाहेबांचा महागडा प्रोसेसर

“प्रोसेसर पाचशे रुपयांच्या आत आणायचा! आणि या बोर्डावर त्याच्याहून वेगवान प्रोसेसर दुसऱ्या कुणाला चालवता येता कामा नये! आठ दिवसांत जमलं नाही, तर तुझी टपरी राजवाड्याच्या दारातून उठली म्हणून समज!”

धामणगडचे राजे हैबतराव असे गरजले आणि त्यांनी एक जुना मदरबोर्ड भिवरापुढे आदळला. भिवरा कासाराची मुलगी. बाप बांगड्या भरायचा आणि त्याच टपरीत ती कॉम्प्युटर दुरुस्त करायची. दोघांचं पोट त्या टपरीवर. राजांचा कॉम्प्युटर कालच जळाला होता. माळ्यावर हा एक बोर्ड पडून होता, पण त्याला प्रोसेसर, म्हणजे मेंदूच नव्हता. बरं, राज्यकारभार अडला होता का? छे हो! राजे कॉम्प्युटरवर पत्ते खेळत. डाव अर्धा राहिला, म्हणून सगळा दरबार वेठीला!

“पाचशे?” दिवाण केसोपंत नाक मुरडून म्हणाले. “एवढ्यात आमच्या घोड्याची पेंडसुद्धा येत नाही! सरकार, मी परदेशातून मागवतो. यंदाचा सगळ्यात नवा, सगळ्यात महाग!”

“दिवाणसाहेब, आधी बोर्ड तरी बघून घ्या,” भिवरा म्हणाली.

“मी बोर्ड बघू? ती हमालांची कामं!”

घ्या! ही दिवाणांची अक्कल, आणि यांच्या हाती खजिन्याच्या किल्ल्या!

भिवराने बोर्डावरची धूळ पुसली, त्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि कोणकोणते प्रोसेसर त्याला चालतात ते शोधून काढलं. मग बोर्ड फडक्यात गुंडाळून ती थेट जुन्या बाजारात गेली. त्यांतला सगळ्यात वेगवान प्रोसेसर एका दुकानात धूळ खात पडला होता. “आधी चालवून दाखवा, मग पैसे!” म्हणत तिने तो बोर्डावर बसवून पाहिला आणि साडेचारशेत घेतला.

आठव्या दिवशी दरबार भरला. दिवाणांचा प्रोसेसर चांदीच्या तबकातून आला. ते तो बोर्डावर बसवायला गेले. बसेना! असा फिरवला, तसा फिरवला. घाम फुटला. शेवटी त्यांनी अंगठ्याने जोर लावला.

“अहो, थांबा!” भिवरा ओरडली. “बांगडी बसत नाही म्हणून कुणी मनगट तासत नाही!”

दरबार खो खो हसला. भिवराने आपला प्रोसेसर अलगद ठेवला, खटका लावला, बटण दाबलं. पंखा फिरला आणि पडद्यावर पत्ते मांडले गेले! राजांचा चेहरा असा खुलला, जणू लढाईच जिंकली.

“पण माझा याच्या दसपट वेगवान आहे!” दिवाण किंचाळले.

“असेल की! तबकात धावतोय तो. बोर्डावर धाववा ना!” भिवरा राजांकडे वळली. “सरकार, या बोर्डाला याच्याहून वेगवान प्रोसेसर चालतच नाही. कुणालाही आणू द्या!”

“तुला कसं गं कळलं?”

“झाकण घ्यायला निघालेली बाई पातेलं बरोबर नेते, सरकार. दिवाणसाहेब नुसतंच तबक घेऊन निघाले!”

राजे पोट धरून हसले. “टपरी कायमची तुझी! आणि हा महागडा प्रोसेसरही तुलाच!”

“नको, सरकार. त्याला बसवायला माझ्याकडे बोर्ड कुठाय?”

“मग त्याला बसेल असा बोर्डही तुला मिळेल!” राजे डोळे पुसत म्हणाले. “दिवाणांच्या खिशातून! आणि केसोपंत, आणायला जाताना प्रोसेसर बरोबर न्या!”