खांबापाशी थांबणारा खंडू

निवृत्त न्यायाधीश रावसाहेब घैसास यांच्या खंडू या कुत्र्याला रोज सकाळी फिरवून आणणे, हा प्रमिला कोळेकरचा व्यवसाय होता. खंडू प्रत्येक खांबाशी थांबून हुंगे, आणि ती त्याला मनसोक्त हुंगू देई. रावसाहेबांना हे असह्य होई. वास घेणे हेच कुत्र्याचे फिरणे, हे सांगून सांगून प्रमिला अगदी विटली होती.

अखेर रावसाहेबांनी बजावले, "उद्या मीही येतो. थांबला की पट्टा ओढायचा! जमत नसेल, तर दुसरा माणूस पाहीन."

दुसऱ्या दिवशी दूधकेंद्रापाशी वकील माटे भेटले. रावसाहेब थांबले; मधुमेहाचे बोलणे झाले, जावयाचे झाले, मग निवडणुकीचे निघाले. खंडूने कंटाळून बसकण मारली. प्रमिलाने रावसाहेबांच्या सदऱ्याची बाही धरली आणि खसकन ओढली.

"अगं, हे काय! दिसत नाही, मी माणसांची खबरबात घेतो आहे?"

"क्षमा असावी, साहेब. थांबला की ओढायचे, हा आपलाच हुकूम. खंडूही खांबापाशी खबरबातच घेत असतो."

माटे खो खो हसले. रावसाहेब चालू लागले. पुढच्या खांबाशी खंडू थांबला, तशी प्रमिलाने त्यांच्याकडे पाहिले.

रावसाहेब खाकरले. "होऊ दे त्याचे सावकाश."