बारच्या दारातला पाठमोरा दहीभात

पुण्याच्या लष्कर भागातला हा जुना बार बघायला आलात, तर नुसते ओतीव लोखंडाचे खांब आणि रंगीत काचा बघून परतू नका. मान वर करा. कमानीच्या माथ्यावर दगडी बाईचा मुखवटा आहे, आणि तिच्या गालाकपाळावर बारीक खड्डे आहेत. ते ऊनपावसाने पडलेले नाहीत. गिरजेने पाडले, असं इथले जुने लोक सांगतात.

गिरजा म्हणजे सोमा पाथरवटाची बायको. गोऱ्या सोजिरांच्या पिण्याबसण्यासाठी साहेबाने ही इमारत काढली, तेव्हा मुखवट्याचं काम सोमाकडे आलं. विलायतेच्या चित्रावरून तो घडवायला लागला आणि असा नादावला, की घरी आला तरी बोलणं तिचंच. आज नाक उतरलं, आज ओठ जमले. गिरजा भाकरी वाढायची आणि आतल्या आत जळायची. माझ्या नाकाबद्दल हा मेला कधी चकार शब्द बोलला का?

एकदा तिने विचारलंच, "कोण हो ही?"

"मला काय ठाऊक? साहेबाच्या चित्रातली आहे."

"ठाऊक नाही, तर तिच्या गालावरून हात कशाला फिरवता?"

"अगं बाई, दगड आहे तो!" सोमा हसला. तिथेच चुकला बिचारा.

रविवारी काम बंद असायचं. दारोदार फिरून जात्यांना टाकी लावणारी, म्हणजे गुळगुळीत झालेला दगड ठोकून खरबरीत करणारी गिरजा, छिन्नी-हातोडा तिच्या रोजच्या हातातला. तिने पदर खोचला, परांचीवर चढली आणि जातं ठोकावं तसा तो चेहरा ठोकून काढला. "आता फिरव म्हणावं हात!"

सोमवारी भलतंच झालं. शहरात तेव्हा देवीची साथ होती. हमालांनी ते देवीच्या व्रणांसारखे खड्डे पाहिले आणि हातच जोडले. आईनं आपलं दुखणं स्वतःच्या अंगावर घेतलं म्हणे! बायका दहीभात घेऊन आल्या. साहेबाने दगड बदला म्हटलं, तर एक गडी हात लावेना. सोमाने बायकोच्या टाकीचे घाव ओळखले असणार, पण बोलला काय? "आधी नुसती देखणी होती गं, आता जिवंत वाटते." गिरजेच्या अंगाचा तिळपापड झाला. सवतीला देवी केली, तीही स्वतःच्या हाताने, आणि सांगायची सोय नाही.

मग तिचीच लेक चंद्री तापाने फणफणली, अंगभर फोड उठले. शेजारणी म्हणाल्या, दहीभात ठेवून ये. गिरजा अडून बसली. त्या बयेपुढे पदर पसरू? पण चंद्री पाणीही गिळेना, तेव्हा उठली. दारापर्यंत आली, पण मान काही वर होईना. शेवटी मुखवट्याकडे पाठ करून तिने मागच्या मागे दहीभाताचं पान ठेवलं.

"तुझं तोंड मी बघायची नाही. केलं ते मी केलं, शिक्षा मला दे. पोरीला सोड."

पोर वाचली, असं सांगतात.

आजही चैत्रातल्या मंगळवारी बायका या दारात दहीभात ठेवतात, तो पाठमोराच. त्यानंतरच बारचं शटर वर जातं. देवीची नजर उग्र म्हणून, असं त्या सांगतील. गिरजा मात्र म्हातारी होईतो दरसाल येत राहिली, नातवंडांना घेऊन यायची, आणि एकदाही तिने वर पाहिलं नाही.