शेठच्या थर्मासमधला चहा

लेक बाळंतपणाला आलेली. बाळाला न्हाऊ घालणारी बाई नऊला येणार आणि गावची वीज रोज आठ ते दहा गायब. म्हणून कुमुदिनीबाई टाकीचा गिझर घ्यायला दुकानात गेल्या.

धनराजशेठ हसले. "साठवलेलं शिळं पाणी हल्ली कोण वापरतं, ताई? बिनटाकीचा न्या. नळ सोडला की ताजं गरम पाणी!"

तेवढ्यात दुपारचीही वीज गेली. शेठनी थर्मासमधून चहा ओतला. बाई कुतूहलाने बघत राहिल्या.

"कधीचा हो चहा?"

"सकाळचा. अजून वाफाळतोय बघा!"

"शिळा कशाला पिता? समोर विजेची किटली आहे की."

"अहो, वीज कुठंय?"

"मग नातवंडाला रोज हेच सांगू? काढा टाकीचा!"