बिनकामाचं बोलणं

एका राज्यात अरिकेसरी नावाचा राजा होता. शूर होता, न्यायी होता, पण बोलायला महाखडूस. "कसं काय, बरं आहे ना?" असं कोणी विचारलं की तो म्हणे, "कामाचं बोला." निघणारा माणूस "येतो" म्हणतो, हे तर त्याला धडधडीत खोटं वाटे. जाणाऱ्याने "जातो" म्हणावं, असा त्याने हुकूमच काढला. राजाच्या शहाणपणापुढे प्रजा काय बोलणार!

एके दिवशी दरबारात एक मांत्रिक आला. त्याने राजाचं क्षेमकुशल विचारलं.

"तुला काय करायचंय?" राजा गरजला.

मांत्रिक शांतपणे म्हणाला, "तुला शब्द अक्षरशः खरे हवेत. तुझ्या घरात ते तसेच खरे होतील."

त्याच दुपारी राणी हेमप्रभा देवदर्शनाला निघाली. हुकुमाप्रमाणे उंबऱ्यावर "जाते" म्हणाली, आणि गेली ती गेलीच.

राजाच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हा खिडकीवर बसलेला एक भारद्वाज पक्षी बोलला, "राजा, राणी सात डोंगरांपलीकडे साळुंकी होऊन बसली आहे. वाटेत आधी नदीतली मगर, मग खिंडीतली राक्षसीण, शेवटी राणी. तिघींशी बिनकामाचं बोल. कामाचा शब्द काढलास तर जागीच दगड होशील."

राजा निघाला. मगरीपुढे त्याला घाम फुटला. तो पुसत म्हणाला, "यंदा ऊन फार, नाही?"

"फारच हो!" मगर खुलली. तिने त्याला पाठीवर घेऊन पलीकडे सोडलं.

राक्षसीण म्हणाली, "बसा. पाणी घेता?"

घसा कोरडा पडला होता, पण "दे" म्हणणं हे कामाचं झालं असतं. राजा म्हणाला, "असू द्या, उगाच त्रास कशाला?"

"त्रास कसला त्यात!" असं म्हणत तिने तांब्या पुढे केला आणि वाटही सोडली.

तिसऱ्या दिवशी बाभळीवर साळुंकी दिसली. पार वाळली होती. राजाला भडभडून आलं. "घरी चल" हे शब्द ओठांवर आले, ते त्याने गिळले.

"जेवलीस का गं?"

"अजून नाही. आपण?"

तीन दिवसांत राजाला अन्नाचा कण मिळाला नव्हता. तो म्हणाला, "तुझ्यासाठी थांबलो होतो."

त्याच्या जन्मातलं हे पहिलं गोड खोटं. शब्द अक्षरशः खरा नव्हता, म्हणून शाप तुटला. साळुंकीची राणी झाली. हुकूमही मागे घेतला गेला.

राणीने राजाचं खपाटीला गेलेलं पोट पाहिलं आणि सगळं ओळखलं.

"इतकं थांबायचं असतं का?" ती म्हणाली. "चला, पान वाढते."