निरोपाचे व्याकरण

“मग माझी चूक कुठे होते, चाचा? एक तरी दाखवा.”

अब्बास परकारांनी मान वर केली नाही. मांडीवरच्या जाळ्यातले भोक त्यांनी बोटाने चाचपले आणि सुई ओवली.

मूळचे दाभोळचे परकार जहाजावर आचारी म्हणून निघाले होते. एकोणचाळीस वर्षांपूर्वी नॉर्वेच्या या लहानशा बंदरावर उतरले, ते उतरलेच. आता धक्क्यावरच्या एका लाकडी खोलीत बसून ते गावातल्या कोळ्यांची जाळी सांधत असत.

निनाद ओगले याला येथे येऊन आठ महिने झाले होते. नॉर्वेजियन भाषा तो पुण्यातच शिकला होता, पैकीच्या पैकी गुण मिळवून. संशोधन अर्धे झाले होते. सोमवारचे परतीचे तिकीट मात्र खिशात होते; चाचांना त्याने ते दाखवलेही होते.

“सहा घरी जेवायला गेलो,” तो म्हणाला. “सहाही घरी वेळेवर पोहोचलो. आभार मानले, रीतसर निरोप घेतला. पुन्हा एकाही घरून बोलावणे नाही.”

“हं...”

“आणि तुम्ही! रागावू नका, पण तुमच्या क्रियापदाला काळ नसतो, नामाला लिंग नसते. तरी धक्क्यावरचे कुत्रेसुद्धा तुम्हाला पाहून शेपूट हलवते.”

“कुत्र्याला कुठे लिंग-वचन लागतं, पोरा.”

निनाद हसला नाही. या माणसाच्या भाषेतल्या चुका तो वहीत टिपत आला होता. एकशे बारा झाल्या होत्या.

इतक्यात दार ढकलून एक उंच म्हातारी आत आली. ती सोल्वेगबाई, गावच्या शाळेत तिने हयातभर भाषा शिकवली होती. निनाद ज्या सहा घरी जेवला, त्यांतले एक तिचे होते.

निनाद उठून उभा राहिला आणि त्याने निर्दोष वाक्यात तिची विचारपूस केली. तिनेही तितक्याच निर्दोष वाक्यात उत्तर दिले आणि सौजन्याने मान लववली.

मग ती चाचांकडे वळली. एवढ्या थंडीत कान उघडे ठेवून बसल्याबद्दल तिने त्यांना चांगलेच फैलावर घेतले. त्यांची टोपी खसकन कानांवर ओढली. रानफळांच्या मुरंब्याची बरणी फळीवर आदळली.

दारात जाऊन ती थांबली. नॉर्वेजियनमध्येच म्हणाली, “मी येते.”

आणि गेली.

निनाद बघत राहिला.

“चाचा, निघताना असे म्हणत नाहीत. इथे निरोपाला ‘हा दे’ म्हणतात. ती तर जात होती!”

“जा, सांग तिला. अख्ख्या गावाला व्याकरण तिनेच शिकवलंय.”

“...तुम्ही बिघडवलीत तिची भाषा.”

“हो.”

सुई जाळ्यातून दोनदा फिरली.

“पहिलं वर्ष होतं. तिच्या नवऱ्यानं जेवायला बोलावलं. निघताना आपण दाभोळात म्हणतो तेच म्हटलं, यांच्या शब्दांत. मी येतो. ... ही बर्फातून धावत मागं आली. म्हणाली, कधी?”

“मग?”

“मला काय ठाऊक, कधी! आपल्याकडे कोण विचारतो? तोंडाला आलं ते बोललो. गुरुवारी.”

“आणि?”

“आणि काय. गुरुवारी जावं लागलं. तिनं पान मांडून ठेवलं होतं.”

निनादची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली. आज गुरुवार होता.

“पुढं नवरा गेला तिचा,” चाचा म्हणाले. “गुरुवार राहिला.”

बाहेर एक बोट भोंगा देऊन निघून गेली.

निनादला आपली वही आठवली. निघताना ‘मी येतो’ म्हणणे, ही एकशे बारा चुकांमधली पहिलीच नोंद होती. तिच्याखाली त्याने लाल शाईने दोनदा रेघ ओढली होती. त्याने चाचांच्या हातांकडे पाहिले. सुरकुतलेल्या, खाऱ्या पाण्याने चरे पडलेल्या त्या बोटांनी घातलेला टाका जाळ्यात कुठे आहे, ते त्याला शोधूनही सापडेना.

निनाद उठला, हातमोजे चढवले आणि सवयीने म्हणाला,

“हा दे, चाचा.”

चाचांनी जाळे बाजूला ठेवले. गुडघ्यांवर हात टेकत उठले, दारापाशी गेले आणि दार सताड उघडून धरून उभे राहिले.

निनाद बाहेर पडला. चार पावले चालून त्याने मागे पाहिले. दार तसेच उघडे होते.

“लावून घ्या, चाचा. थंडी आत येते आहे.”

चाचा हलले नाहीत. त्यांच्या पायांशी, उंबऱ्याच्या आत, बर्फाचे कण साचू लागले.

“चाचा...”



निनाद चार पावले परत आला. पहिलीतल्या मुलाने धडा म्हणून दाखवावा तसा म्हणाला,

“येतो.”

“कधी?”

निनादचा हात कोटाच्या खिशातल्या तिकिटाकडे गेला आणि तिथेच राहिला.



“सोमवारी ये. दोघांचा भात टाकतो.”