थडग्यातला मुकादम

फार जुन्या काळी मिसर देशात श्रीमंतांना मेल्यावरही आयतंच लागे. म्हणून पासेर जमीनदाराच्या थडग्यात निळ्या चकचकीत बाहुल्या ठेवल्या. परलोकात धन्याला शेतकामाची हाक आली, की या बाहुल्यांनी त्याच्या बदली राबायचं. दर दहांवर एक मुकादम, तोही बाहुलीच.

एकदा हाक आली आणि पाय तडकलेली एक बाहुली उठेना.

"ऊठ गं आळशे, नाहीतर फोडीन!" मुकादमाने चाबूक उगारला.

"फोड की मेल्या! माझ्या छातीवर धन्याचं नाव आहे, तेही फुटेल. तुझ्या छातीवर काय लिहिलंय, वाचलंस कधी?"

मुकादमाने मान खाली घालून पाहिलं. तेच नाव होतं. तोही धन्याच्या बदली राबायलाच घडवलेला होता.

दुसरी हाक आली. त्याने चाबूक खाली ठेवला, तिची कुदळ खांद्यावर घेतली आणि जन्मात पहिल्यांदा ओ दिली.